बाबांच्या तिन्ही थेरपिस्टना जाहीर पत्र

सप्रेम नमस्कार.

फिजिओ सर, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम आणि स्पीच थेरपीच्या मॅडम, तुम्हा तिघांना मिळून हे पत्र लिहिते आहे. लकव्याच्या उपचारांनंतर बाबांना रुग्णालयातून घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातले मामा-मावशी सगळ्यांना पेढे दिले. तुम्ही तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या पेशंटकडे होतात. डिस्चार्ज कार्डावर औषधं, तपासण्या, डॉक्टरांची नावं सगळं होतं. तुमच्या वाट्याला एकच ओळ आली, 'फिजिओथेरपी सुरू ठेवावी'. भेटायला येणारी मंडळी तर आजही विचारतात, "मालिशवाला रोज येतो ना?" म्हणूनच हे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत.

लकवा उजव्या बाजूला आला आणि वाचाही गेली. बाबा शुद्धीवर आले तसे ओठांवर बोट ठेवून पाणी मागू लागले. आईचा जीव कासावीस, आणि पलंगाला पाटी लावलेली की तोंडावाटे काही द्यायचं नाही. स्पीचच्या मॅडम, बोलायला शिकवणाऱ्या बाई आधी गिळणं बघायला येतात हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? तुम्ही त्यांना नीट ताठ बसवलंत, चमच्याने अगदी थोडं पाणी दिलंत, गळ्यावर दोन बोटं हलकेच टेकवून घोट उतरतो का ते पाहिलंत आणि मग म्हणालात, "काका, आ म्हणा." आवाज ओला, घरघरता आला. तुम्ही चमचा बाजूला ठेवलात. लकव्यात गिळायचे स्नायूही दुबळे होतात, पाणी श्वासनलिकेत उतरतं, कधी कधी साधा ठसकाही लागत नाही आणि त्यातून न्यूमोनिया होतो, हे तुम्ही आईला इतकं शांतपणे समजावलंत की तिने पुन्हा पाण्याचा हट्ट धरला नाही. पातळ पाणी झरकन घसरतं, दाट पदार्थ सावकाश उतरतो. म्हणून पुढे पावडर घालून दाट केलेलं पाणी आणि मऊ, एकजीव खिमट सुरू झालं. बाबांच्या छातीत कफ झाला नाही, ताप आला नाही. जे घडलं नाही त्याचं श्रेय कुणी देत नाही. मी ते तुम्हाला देते.

बोलण्याचंही तसंच. बाबांना आईचं नाव आठवेना, पण तुम्ही 'सोमवार' म्हणताच त्यांनी रविवारपर्यंत सगळे वार घडाघडा म्हटले. पाढेही म्हटले! घोकून पाठ झालेलं बोलणं आणि मनातलं शोधून बोलणं यांत फरक असतो, तेव्हा लगेच हुरळू नका, असं तुम्ही तेव्हाच सांगितलंत. त्यांना ऐकू येतं, ओरडू नका; शब्द तोंडात कोंबू नका, थांबा. आमच्या घरात सगळ्यांनाच घाई, पण आता आम्ही थांबतो.

सर, तुमचा पहिला धडा आम्हा नातेवाइकांनाच होता: बखोटीला धरून उठवायचं नाही. लुळ्या हाताच्या वजनानेच खांद्याचा सांधा खाली उतरतो, त्यात ओढाताण झाली तर दुखणं महिनोन्महिने पुरतं. हाताखाली उशी, ठरावीक वेळाने कूस बदलणं, थोडा थोडा वेळ पण दिवसातून अनेकदा बसवणं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. आमच्या वाड्याच्या जिन्यावर आई अजून हे मोठ्याने म्हणते.

ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम, तुम्ही फाइल उघडण्याआधी विचारलंत, "काका काम काय करायचे?" बाबांची सगळी हयात अप्पा बळवंत चौकाजवळ बुकबाइंडिंगमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोऱ्या कागदांची चळत घेऊन आलात. डाव्या हाताने कागद दुमडायचा आणि घडीवर उजव्या तळव्याचा भार द्यायचा. तोवर व्यायामाला कुरकुरणाऱ्या बाबांनी कोपऱ्याला कोपरा जुळत नाही म्हणून तीच घडी पुन्हा पुन्हा घातली. मग घरच्या उंबऱ्याची उंची, संडासाचे फोटो, कमोडची खुर्ची, शर्ट घालताना दुबळा हात आधी आणि काढताना शेवटी. किती बारीक विचार! भारतात तुमच्या विषयाचं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये काढलं, आणि आपल्या वानवडीत लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४ पासून आहे. एवढ्या जुन्या विद्येला पुण्यातही अजून 'हाताचे खेळ' म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाबा आता चौपायी काठी घेऊन वाड्याच्या चौकात फिरतात. आईला नावाने हाक मारतात. उजवी बोटं अजून पुरती उघडत नाहीत, जुजबंदीची, म्हणजे पुस्तकाची पानं शिवायची सुई त्या हातात धरता येत नाही. हात किती परत येईल ते आज सांगता येणार नाही, असं तुम्ही पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतंत. खोटी आशा दाखवली नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

रुग्णालयाला मी लेखी विनंती केली आहे की डिस्चार्ज कार्डावर थेरपिस्टची नावं आणि तुम्ही घरी करायला सांगितलेल्या गोष्टी मराठीत सविस्तर छापाव्यात. पुढच्या ओपीडीला येऊ तेव्हा त्या पत्राची प्रत तुमच्या विभागातही देईन.

तुमची ऋणी,
बाबांची मुलगी