छप्पर नसलं तरी सोलर

संपादक महोदय,

सोलर म्हटलं की स्वतःचं छप्पर हवं असंच सगळे धरून चालतात, मग भाड्याने राहणारे, फ्लॅटवाले किंवा ज्यांच्या गच्चीवर दिवसभर शेजारच्या इमारतीची सावली असते त्यांनी काय करायचं? सामूहिक सोलर त्यांच्यासाठीच आहे. एकाच मोकळ्या जागेवर पॅनल बसवायचे, प्रत्येकाने झेपेल तेवढा वाटा घ्यायचा आणि तयार झालेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, जाऊन आपल्या वाट्याचे युनिट थेट बिलातून वजा होतात, घरात एक वायरसुद्धा बदलावी लागत नाही. छोट्या धंद्यांना तर जास्तच फायदा, कारण शिलाई मशीन, पिठाची गिरणी हे सगळं चालतं दिवसा आणि ऊनही तेव्हाच. पॅनल साधारण 25 वर्षं टिकतात, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधीच बांधता येतो, आणि पॅनल धुणं, इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) दुरुस्ती हा खर्चही सगळ्यांत वाटला जातो. फक्त एक सांगतो, लाईट गेल्यावर या सोलरमुळे घरात वीज राहत नाही, कारण घरात येणारी वीज ग्रिडमधूनच येते, हे आधीच नीट सांगायला हवं. आणि घर बदललं तर वाट्याचं काय होणार हे करारात स्पष्ट लिहून घ्या, खरी भांडणं तिथेच होतात.

– एक वाचक