मिस्त्रीचाचा, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

मिस्त्रीचाचा, सलाम. तुम्ही मोबाईल बघत नाही हे माहितीये, पण तुमचा नातू म्हणाला तुम्ही लिहा मी वाचून दाखवतो, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

आत्याचं सिंगरचं पायमशीन तुमच्याकडे आणलं तेव्हा आमच्या घरात त्याचा निकाल लागल्यात जमा होता. एका दुकानदाराने किलोवर भाव सांगितलेला आणि चुलतभावाला फक्त खालचं बिडाचं स्टँड हवं होतं, वर काच टाकून टेबल करायला. (हल्ली कुठल्याही कॅफेत जा, हे टेबल असतंच, आणि लोक कॉफी पिताना खालचं पायडल उगाच हलवत बसतात, मला तर बघवत नाही.) तुम्ही मात्र आधी बोटाने धूळ पुसून नंबर वाचलात, वाय अक्षराने सुरू होणारा, आणि म्हणालात हे क्लाइडबँकचं, स्कॉटलंडचं, याला हात लावायला मजा येईल. मी नंतर शोधलं, वाय सिरीज 1922 ते 1935 च्या दरम्यानची. तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही सिंगरच आहे म्हणे!

चाक जागचं हलत नव्हतं. कोणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलेलं, ते सुकून आत नुसता डिंक झालेला. तुम्ही एकदाही जोर लावला नाहीत. प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब, वरून हेअर ड्रायरची गरम हवा, मग चाक जरासं पुढे जरासं मागे, आणि परत झाकून ठेवायचं. मी घाई केली की म्हणायचात "बेटा, लोखंडाला वेळ दे". शटलच्या (खालच्या दोऱ्याची रीळ, म्हणजे बॉबिन, ज्यात बसते तो भाग) खाचेत अडकलेला दोऱ्याचा गुंता तुम्ही चिमट्याने काढलात, निळा, पिवळा, लाल, आत्याने कोणाकोणाचे ब्लाउज शिवले त्याचा हिशोबच होता तो.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे मानायचेत, जे तुम्ही करू दिलं नाहीत त्याचे. मी स्पिरिट आणि कापूस घेऊन सोनेरी नक्षी चमकवायला निघाले होते, तुम्ही बाटलीच काढून घेतलीत. त्या नक्षीवर लाखेचा थर असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि मागोमाग सोनंही जातं, त्यामुळे मशीन ऑइल आणि मऊ फडकं, बस. नवीन काळा रंग मारायचा नाही. मोटर पण बसवायची नाही, बाकी सगळे तोच सल्ला देत होते. आणि चाकातली ती तीन कानांची चकती तुम्ही मुद्दाम माझ्याच हातून बसवून घेतलीत, उलटी बसली तर चाक नीट लॉकच होत नाही किंवा बॉबिन भरताना मोकळं फिरत नाही, हे आता मी झोपेतही सांगेन.

पट्टा नवीन चामड्याचा घातला, फार ताणायचा नाही नाहीतर पायडल जड जातं हे सांगून वर त्याची टोकं जोडणारी क्लिप कशी वाकवायची तेही दाखवलंत, आणि पैसे घेतलेत फक्त पट्ट्याचे आणि सुयांचे. मजुरी विचारली तर म्हणे अर्धं काम तर तूच केलंस! हे काही मला पटलेलं नाही, ते बघू आपण.

सध्या त्याच्यावर जुन्या साड्यांच्या गोधड्या चालू आहेत, दोन-तीन थर आरामात घेतं, टाका एकसारखा पडतो. आणि हो, शेजारच्या काकूंकडे एक मशीन निघालंय, त्याचं शटल होडीसारखं लांबट आहे, गोल नाहीच. आतलं लांब बॉबिन हरवलंय. तुमच्या त्या पत्र्याच्या डब्यात असेल का एखादं? शनिवारी संध्याकाळी मशीनचं डोकं घेऊन येते, आणि या वेळी मजुरी घ्यावीच लागेल.

तुमची,
खोबरेल तेलवाल्या मशीनची पोरगी