डेटा महिन्याचा, मर्यादा दिवसाची कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील ज्या वाड्यांवर फायबर अद्याप पोहोचलेले नाही, तेथे लॅपटॉपला इंटरनेट मिळते ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनच. मुलांचे प्रवेशअर्ज, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे घरून चालणारे काम, हापूसच्या पेट्यांची नोंदणी हे सारे एकाच रिचार्जवर भागवावे लागते. त्या रिचार्जमधील दैनिक मर्यादा मात्र लॅपटॉपवरील कामाला मुळीच जुळणारी नाही.

रोज दीड जीबी देणाऱ्या 28 दिवसांच्या पॅकचे पैसे भरताना ग्राहक एकूण 42 जीबी विकत घेतो. लॅपटॉपचे काम रोज सारखे नसते. एखाद्या दिवशी दोन-तीन तासांची व्हिडिओ बैठक असते, तर पुढचे दोन दिवस केवळ ई-मेल पाहायचे असतात. तरीही बहुतेक पॅकमध्ये न वापरलेला डेटा मध्यरात्री बाद होतो, आणि कामाच्या दिवशी मर्यादा संपली की वेग 64 केबीपीएसवर येतो. या वेगाने पाच एमबीची एक पीडीएफ पाठवायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो; अर्जाची मुदत त्याच रात्री संपणार असेल, तर विद्यार्थ्याने वेगळे डेटा व्हाउचर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यात लॅपटॉपही भर घालतो. विंडोज हॉटस्पॉटला साधे वाय-फायच समजते आणि मोठमोठे अपडेट पार्श्वभूमीवर उतरवू लागते. सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केल्यास बहुतेक अपडेट थांबतात; शाळा-महाविद्यालयांनी एवढे तरी विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवावे. चिऱ्याच्या जाड भिंतींआड रेंज क्षीण होते, म्हणून फोन पडवीत किंवा खिडकीशी ठेवावा. पावसाळ्यात वीज गेल्यावर यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोन केबलने लॅपटॉपला जोडून इंटरनेट घेणे, अधिक उपयोगी पडते, कारण त्याच केबलमधून फोन लॅपटॉपच्या बॅटरीवर चार्जही होत राहतो.

परंतु ही झाली ग्राहकाने करायची काटकसर. पोस्टपेड ग्राहकांना महिन्याचा डेटा एकत्रित मिळतो, तेव्हा प्रीपेडमध्ये तसे देण्यात तांत्रिक अडचण आहे असे म्हणता येणार नाही. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक उपलब्ध करून देण्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना भाग पाडले. त्याच धर्तीवर, दैनिक मर्यादेच्या प्रत्येक पॅकसोबत तेवढाच डेटा, त्याच किमतीत आणि त्याच मुदतीत, पण रोजच्या मर्यादेविना वापरण्याचा पर्याय ट्रायने बंधनकारक करावा. कोकणातील खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, देवगड