कवलापूर: धावपट्टीचे गणित आधी मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीजवळच्या कवलापूरला विमानतळ व्हावा ही मागणी रास्त आहे, पण ती द्राक्षांच्या नावाने केली की आपली बाजू लंगडी पडते. तासगाव-मिरजेची निर्यातीची द्राक्षे बुरशी रोखणारे सल्फर डायऑक्साइडचे पॅड घालून, शून्य-एक अंशावर रीफर (शीत) कंटेनरमधून न्हावाशेवा बंदराला जातात आणि जहाजाने युरोप गाठतात. बेदाण्याला, हळदीला तर घाईच नाही. विमानाचे भाडे या मालाला परवडणारे नाही.

विमान लागते ते माणसांना. खानापूर-आटपाडीची गलाई (सोने-चांदी गाळणारी) कुटुंबे सोन्याचांदीच्या व्यवसायासाठी देशभर विखुरली आहेत. मिरजेत लांबून रुग्ण येतात. कुपवाड किंवा किर्लोस्करवाडीत एखादे मशिन बंद पडले की दुरुस्तीचा इंजिनिअर पुण्याला उतरून सव्वादोनशे किलोमीटर रस्त्याने येतो. तेवढा वेळ उत्पादन थांबलेले असते. हे नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही आणि मला तेच सर्वात मोठे वाटते.

आता धावपट्टी. छोट्या मार्गांवरच्या, सत्तरेक आसनांच्या एटीआर-72 विमानाला समुद्रसपाटीवर, 15 अंश तापमानात, पूर्ण वजनाने उडायला सुमारे 1,300 मीटर लागतात. सांगली साधारण 550 मीटर उंचीवर आहे. उंचीच्या दर 300 मीटरला 7 टक्के वाढ धरतात, म्हणजे 1,470 मीटरच्या आसपास. या उंचीवरचे प्रमाण तापमान साडेअकरा अंश. त्याहून जितके अंश जास्त, तितके टक्के आणखी मिळवायचे. ऐन उन्हाळ्यातले दुपारचे सरासरी तापमान 38 धरले, तर आकडा 1,850 मीटरवर जातो. एकूण वाढ 35 टक्क्यांच्या वर गेली की जागेचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. इथे ती 40 च्या पुढे आहे. धावपट्टी तोकडी ठेवली तर उन्हात वजन कमी करावे लागते, काही जागा रिकाम्या ठेवून उडावे लागते आणि तिथेच फेरी तोट्यात जाते.

उपकरणांच्या मदतीने उतरायचे तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 140 मीटर आणि दोन्ही टोकांना 60 मीटर मोकळा पट्टा लागतो. एवढ्यालाच सुमारे 136 एकर जातात. टोकांची सुरक्षा जागा, विमान उभे करायचा अॅप्रन, अग्निशमन केंद्र, टर्मिनल हे सगळे त्यावर. कवलापूरची जागा सुमारे 160 एकर सांगितली जाते. ती एकरात पुरली तरी लांबीत पुरते का, हे आधी मोजले पाहिजे.

छोट्या शहरांच्या विमानसेवेला सवलत देणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेच्या भरवशावर राहणेही धोक्याचे. कॅगच्या 2023 च्या अहवालानुसार तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 नी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर 54 च टिकले. शिवाय कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ इथून जेमतेम 50 किलोमीटरवर. केंद्राच्या नव्या विमानतळांविषयीच्या 2008 च्या धोरणाप्रमाणे 150 किलोमीटरच्या आत नवा विमानतळ करायचा तर जुन्यावर होणारा परिणाम तपासला जातो. हा प्रश्न आपल्याला विचारला जाणारच, तेव्हा उत्तर तयार हवे.

म्हणून शासनाने आधी कवलापूरच्या जागेचे आणि भोवतालच्या अडथळ्यांचे सर्वेक्षण करावे. तोवर सांगली-मिरजेहून उजळाईवाडीच्या विमानांच्या वेळा धरून एसटी सोडावी, विमानाला उशीर झाला तर थांबणारी. त्या गाडीत कोण कुठून येतो आणि पुढे कोणत्या शहराला जातो याची नोंद ठेवली, तर विमान कंपन्यांपुढे मांडायला खरे आकडे हाती येतील.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली