गॅदरिंगमधून नाटक काढू नका

'अभ्यास बुडतो म्हणून गॅदरिंगमध्ये यंदा नाटक नाही' ही तालुक्यातल्या एका शाळेची बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि वाईट वाटलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच अभ्यास आणि कला असा कडक भेद नको असं म्हटलंय, मग नाटकालाच आधी कात्री का? आमच्याकडे बरीच पोरं घरी अहिराणी बोलतात, वर्गात प्रमाण मराठीत उत्तर द्यायचं म्हटलं की गप्प बसतात. माझी मुलगी त्यातलीच. सातवीत तिला नाटकात रोल मिळाला नाही, विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायचं होतं, त्यासाठी सगळ्यांचे संवाद पाठ केले, आणि ऐन प्रयोगात एकजण अडखळला तेव्हा तिने हळूच शब्द पुरवला, समोर कुणाला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्याला सांभाळून घेणं कोणत्या पेपरात शिकवतात? आणि हो, त्यानंतर ती वर्गात हात वर करायला लागली. तालीम शाळा सुटल्यावर तासभर घ्या, परीक्षेआधी बंद ठेवा, पालक म्हणून आम्ही पोरांना न्यायला येऊ, पण नाटक राहू द्या.

– एक पालक, अमळनेर