खेळाच्या तासाला बाटल्या राखणारा मुलगा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : अंध आणि अंशतः अंध मुलांच्या पी.टी.च्या तासाबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी गेली २६ वर्षं एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवतो. तक्रार करायची तर पहिली माझ्याचविरुद्ध करावी लागेल. आमच्याकडे पाचवीत एक पूर्ण अंध मुलगा आला. खेळाच्या तासाला मी त्याला लिंबाखाली बसवायचो आणि बाकीच्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या त्याच्यापुढे ठेवायचो. "तू राखण कर." दोन वर्षं त्यानं ती इमानेइतबारे केली. तपासणीला आलेल्यांनी काही विचारलं नाही, कारण 'पाल्यास खेळातून सूट मिळावी' असा वडिलांचा अर्ज फायलीला होता. त्या अर्जाचा मसुदा माझाच.

सातवीत एकदा तो जिना उतरताना दिसला. पाय फाकलेले, तळवे घासत, मान छातीवर, खांदे पडलेले. बारा वर्षांच्या पोराची चाल सत्तरीतल्या माणसासारखी. मी समजत होतो की दिसत नाही म्हणून असं. पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिकाबाईंनी माझा गैरसमज दूर केला. पालथं टाकलेलं बाळ मान वर करतं ते काहीतरी दिसतं म्हणून. समोरच्या खुळखुळ्यासाठी पुढे सरकतं, रांगतं. न दिसणाऱ्या बाळाला मान उचलायला कारणच नसतं, आणि नुसत्या आवाजाच्या रोखानं हात पुढे करणं फार उशिरा जमतं. त्यामुळे बसणं बहुधा वेळेवर येतं, पण रांगणं नि चालणं मागे पडतं. मान, पाठ, पोट यांचे स्नायू ढिले राहतात. त्यात घरचे 'पडशील' म्हणून कडेवरून खाली उतरू देत नाहीत. पुढे शाळेत माझ्यासारखा मास्तर भेटतो. पोराचे डोळे अधू होते. अंग आम्ही सगळ्यांनी मिळून अधू केलं. (अंगणवाडी आपल्या खात्यात येत नाही हे ठाऊक आहे. पण सुरुवात तिथूनच होते, म्हणून लिहिलं.)

मग शिकवायला घेतलं, तर माझीच पंचाईत. पी.टी.च्या मास्तरची निम्मी भाषा 'असं' आणि 'तसं' एवढ्यावर चालते. हात असा, पाय तसा, इकडे वळा. सूर्यनमस्काराला मी शब्द शोधत उभा राहिलो. शेवटी त्यालाच म्हटलं, माझ्या पाठीवर हात ठेव. मी वाकलो, तसा त्याचा हात मानेपासून कमरेपर्यंत सरकत गेला. "सर, तुम्ही गुडघे वाकवलेत," तो म्हणाला. वाकवले होते खरे.

धावण्यासाठी दोन खांबांमध्ये कमरेच्या उंचीवर दोरी ताणली, तिच्यात पाइपाचा वीतभर तुकडा ओवला. तो तुकडा धरून पळायचं. शेवटच्या खांबाच्या पाच पावलं अलीकडे गाठ. तुकडा गाठीला अडला की थांबायचं. पहिल्या दिवशी तो चालला. आठवड्यानं पळाला आणि गाठीपाशी येऊन मोठ्यानं हसत सुटला. फुटबॉल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की खरखर वाजतो. जमिनीवर सुतळी टाकून वर चिकटपट्टी लावली की पायाला रेघ कळते. ही काही माझी अक्कल नव्हे. गोलबॉल या अंधांच्या खेळाचं १८ बाय ९ मीटरचं मैदान अशाच उठावाच्या रेघांनी आखतात आणि चेंडूत घुंगरं असतात. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६मध्ये हा खेळ निघाला; १९७६पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे.

इतक्या लांब कशाला, दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकवला आहे. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबात लाकूड अंगाशी असतं, पकड कातडीला कळते. आपल्याच मातीतला हा खेळ अंध मुलांच्या शाळांत सर्रास का नसावा? २०२५च्या नोव्हेंबरात कोलंबोत आपल्या अंध मुलींनी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. टाळ्या वाजवताना मला लिंबाचं झाड आठवत होतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की खेळाची आणि करमणुकीची संधी इतर मुलांच्या बरोबरीनं द्या. शाळेत मात्र ते ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, उगवतं : संगीत खुर्ची, केळी, फोटो. मला तो कार्यक्रम बंद करायचा नाही. मला आठवड्याचे तास हवे आहेत.

म्हणून मागणं एवढंच की, 'खेळातून सूट' हा अर्ज बंद करा. त्याऐवजी नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी घ्या, आणि या मुलानं काय करू नये ते तिच्यात लिहिलेलं असू द्या. हे महत्त्वाचं आहे. काचबिंदू असलेल्या मुलाला शीर्षासन घालणं धोक्याचं. डोळ्याचा पडदा सुटण्याची भीती असलेल्याच्या डोक्याला धक्का बसता कामा नये. एवढं कागदावर आलं की बाकीचं मोकळं होतं आणि मास्तरची भीतीही जाते. माझी भीती अज्ञानाची होती. बी.पी.एड.ला (पी.टी. शिक्षकाच्या पदवीला) असताना अंध मुलाला हात धरून एक उडीसुद्धा मी शिकवली नव्हती. तेव्हा प्रशिक्षणार्थींना काही दिवस अंधशाळेत पाठवा, आणि विशेष शिक्षकांची फेरी पी.टी.च्या तासालाही ठेवा. सध्या ते येतात तेव्हा मी मैदानावर असतो नि ते वर्गात. साहित्याचं म्हणाल तर घुंगराचे चार चेंडू आणि दोरी.

तो मुलगा आता दहावीला आहे. चाल अजून पूर्ण सुधारलेली नाही. गेलेली वर्षं सगळी भरून निघत नाहीत. यंदा पाचवीला एक मुलगी येते आहे, तिला एका डोळ्यानं थोडा उजेड कळतो. तिच्या वडिलांनी प्रवेशाच्या वेळीच विचारलं, खेळातून सूट मिळण्याचा अर्ज कधी द्यायचा? मी नाही म्हणालो, पण माझ्या नाहीला कागदाचा आधार नाही. परिपत्रक जूनच्या आत निघालं तर यंदाच्या वेळापत्रकात बसेल.

आपला,
एक शारीरिक शिक्षण शिक्षक