हात दुखतो म्हणणं म्हणजे कामचुकारपणा नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मशीनमध्ये कुणाचं बोट सापडलं की सगळे धावत येतात, अपघाताची नोंद होते. पण रोज आठ-नऊ तास तीच ती हालचाल करून एखाद्याचा हात कणाकणाने निकामी होत असेल तर त्याला काय ऐकावं लागतं, "सगळेच काम करतात, तुझंच कसं दुखतं?" हे मी स्वतः ऐकलंय म्हणून लिहितेय.

मी अकरा वर्षं डेटा एन्ट्री करते. सुरुवातीला नुसती रात्री जाग यायची, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर, मुंग्या आलेल्या, हात झटकला की बरं वाटायचं आणि मी परत झोपायचे. हात अंगाखाली आला असेल असं वाटायचं. असं करत वर्ष काढलं. मग एक दिवस सकाळी शर्टाचं बटण लागेना, बोटांना बटण कुठेय तेच कळेना, तेव्हा डॉक्टरकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, करंगळीला मुंग्या येतात का? नाही म्हटल्यावर त्यांना लगेच अंदाज आला, कार्पल टनेल. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोरीसारखे बंध) आणि एक नस जाते, आत सूज आली की ती नस दाबली जाते, आणि करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते म्हणून ती सुटते. थायरॉईड, शुगरमुळेही हे होतं म्हणून त्या टेस्ट केल्या, नॉर्मल आल्या. लवकर आला असतात तर रात्री मनगटाला पट्टा लावून आणि कामात बदल करून भागलं असतं म्हणाले. माझं ऑपरेशन झालं.

आणि हे काही कॉम्प्युटरमुळे आलेलं नवीन खूळ नाही. इटलीच्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरने 1713 साली कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणं लिहून ठेवलीत, सतत बसणं, हाताची एकाच प्रकारची हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. तिन्ही आजही जशीच्या तशी आहेत. उलट आमच्याकडे पाच मिनिटं माऊस हलला नाही की नावापुढे लाल ठिपका येतो, मग हाताला विश्रांती द्यायची कधी? दर तासाला पाच मिनिटं हात मोकळा करणं हा कामाचाच भाग धरा, कामं आलटूनपालटून द्या, टेबल-खुर्ची माणसाच्या उंचीप्रमाणे लावून द्या, आणि दुखतंय असं कुणी पहिल्यांदा सांगेल त्याच दिवशी लिहून घ्या एवढंच मागणं आहे. शिलाई मशीनवर, पॅकिंगला, कॅश काउंटरला बसणाऱ्यांचंही हेच आहे, त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतही नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या शेजारी बसणारी नवीन मुलगी टेबलाखाली हात झटकताना दिसली. विचारलं तर म्हणाली, ताई, प्लीज कुणाला सांगू नका, अजून मला पर्मनंट केलेलं नाही.

आपली,
एक वाचक